फौजेचं बारसं : तीन सैन्यांचं एक सैन्य झालं तेव्हा

(रे रोड येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

मालिकेतलं हे व्याख्यान रे रोडला व्हावं असा आग्रह आम्हीच धरला होता. संयोजकांना वाटलं, स्टेशनजवळ सोयीचं पडतं म्हणून. तेही खरंच, पण कारण दुसरं होतं. आज बोलायचं आहे फौजांच्या नावांबद्दल. वेगवेगळी सैन्यं एकत्र करून एका देशाचं एक सैन्य कसं केलं गेलं, त्याच्या शाखा कशा आखल्या, त्यांना नावं कोणी दिली, आणि कोणाचं नाव राहून गेलं. ही सगळी गोष्ट या स्टेशनच्या दोन्ही बाजूंना पसरलेली आहे.

आधी स्टेशनचंच नाव घ्या. रोज तोंडात असतं, पण हा 'रे' कोण, असं कोणी विचारत नाही. डोनाल्ड मॅके, म्हणजे लॉर्ड रे, हे १८८५ ते १८९० मुंबईचे गव्हर्नर होते. जन्म हॉलंडमधल्या हेग शहरात, घराणं स्कॉटलंडचं. त्यांच्या काळी मुंबई इलाख्याला स्वतःचं वेगळं सैन्य होतं, वेगळा सरसेनापती होता. तो सरसेनापती साधा माणूस नव्हता. व्हिक्टोरिया राणीचा मुलगा, ड्यूक ऑफ कनॉट, १८८६ पासून १८९० पर्यंत त्या जागेवर होता. मुंबईच्या सैन्याची ऐट काय असेल, ते यावरून समजा. पुढे गंमत अशी झाली की रेसाहेब इंग्लंडला परतले आणि १८९४-९५ मध्ये भारतमंत्र्यांचे उपमंत्री झाले. नेमकं त्याच काळात, १ एप्रिल १८९५ रोजी, मुंबईचं ते सैन्य कागदावरून नाहीसं झालं. ज्या सैन्याच्या सलाम्या घेतल्या, त्याच्या निरोपाच्या वेळी साहेब निरोप देणाऱ्या खात्यात बसले होते.

आता हे सैन्य होतं काय, ते थोडक्यात पाहू. कंपनी सरकारचे तीन इलाखे : बंगाल, मद्रास आणि मुंबई. तिघांच्या तीन फौजा. पगार, कायदे, गणवेश, भरतीचे मुलूख, सगळं निराळं. मुंबईच्या फौजेत कोकणातले, घाटावरचे मराठे होते, महार होते, मुसलमान होते, उत्तरेकडून आलेले परदेशी होते, आणि मुंबईचे ज्यू, ज्यांना आपण बेने इस्राएल म्हणतो, तेही होते. पुढे सिंध हाती आल्यावर बलुची, पठाण आले. १८५७ नंतर सरकारला वाटलं, तीन फौजा वेगळ्या आहेत तेच बरं, एक बिघडली तर दुसरी हाताशी राहील. या विचाराने आणखी अडतीस वर्षं काढली.

पण लढाईत हे जमेना. अफगाण युद्धात २७ जुलै १८८० रोजी मैवंदला इंग्रजांचा मोठा पराभव झाला. तिथे जी ब्रिगेड होती ती मुख्यतः मुंबईची : पहिली बॉम्बे ग्रेनेडियर्स, जेकब्ज रायफल्स, बॉम्बे कॅव्हलरी, सिंध हॉर्स, आणि सोबत एक गोरी पलटण. या युद्धाच्या काळातच नेमलेल्या चौकशी समितीने शिफारस केली की तीन फौजांचा हा संसार मोडा. शिफारस आणि अंमल यांत सरकारी चालीने पंधराएक वर्षं गेली. १८९३ मध्ये पार्लमेंटात कायदा झाला, आणि १८९५ मध्ये एकच 'भारतीय सैन्य' होऊन त्याचे चार विभाग पडले : पंजाब, बंगाल, मद्रास आणि मुंबई. मुंबई विभागात सिंध, क्वेटा आणि एडनसुद्धा. म्हणजे इथल्या एका कमांडचा हिशेब थेट तांबड्या समुद्राच्या तोंडापर्यंत जायचा.

सैन्य एक झालं. पण नावं? पहिली बंगाल पलटण, पहिली मद्रास पलटण, पहिली मुंबई पलटण. एका घरात तीन 'थोरले' झाले. तारेत नुसतं 'पहिली पलटण पाठवा' म्हटलं तर कोणती पाठवायची? हा गुंता १९०३ मध्ये किचनर या सरसेनापतीने सोडवला, आणि सोडवला तो सरळ बेरजेने. बंगालला आधीचे आकडे दिले. मद्रासच्या पायदळाच्या जुन्या आकड्यात ६० मिळवले. मुंबईच्या आकड्यात १०० मिळवले. म्हणून पहिली बॉम्बे ग्रेनेडियर्स झाली १०१ वी, तिसरी लाइट इन्फन्ट्री झाली १०३ वी मराठा लाइट इन्फन्ट्री, पाचवी झाली १०५ वी. घोडदळात मुंबईला ३० मिळवायचे. चौथी बॉम्बे कॅव्हलरी, म्हणजे पूना हॉर्स, झाली ३४ वी. शंभर मिळवले की मुंबई, इतकं सोपं. त्यात आकड्यांवरून 'बॉम्बे' हा शब्द मात्र पुसला गेला.

पुढे १९२२ मध्ये पुन्हा फेरमांडणी झाली. एकेकट्या पलटणी एकत्र बांधून मोठ्या रेजिमेंट केल्या. १०३, १०५, ११०, ११६, ११७ या सगळ्या मिळून पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री, आणि ११४ वी ही बेळगावला प्रशिक्षणाची पलटण. आता आकडे पुन्हा बदलले. १०३ वी झाली पहिली बटालियन, १०५ वी झाली दुसरी. पण पलटणीतला माणूस काय म्हणत राहिला? पहिल्या बटालियनला आजही 'जंगी पलटण' म्हणतात. आणि दुसऱ्या बटालियनला म्हणतात 'काली पाँचवी'. दुसरीला पाचवी का म्हणायचं? कारण ती १९०३ च्या आधी पाचवी होती. साहेबाने शंभर मिळवले, मग ते काढून दोन केले, पण शिपायाने आपली पाच सोडली नाही. कार्यालयातलं नाव आणि पलटणीतलं नाव यांतला हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता थोडं थांबून एका गोष्टीकडे बघायला हवं. ती आकड्यांत दिसत नाही.

एकीकरणाच्या याच वर्षांत 'लढवय्या जमाती' नावाचं तत्त्व पक्कं झालं. कोण लढू शकतो आणि कोण नाही, हे जातीवरून ठरवायचं. पूर्वी मुंबईच्या एकाच पलटणीत सगळे असत. आता जातवार कंपन्या झाल्या, आणि १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावला लढलेल्या पलटणीतले पडलेले महार शिपाई तिथल्या स्तंभावर नावानिशी कोरलेले आहेत. त्यांच्या नातवंडांना तुम्ही लढवय्ये नाही असं सांगण्यात आलं. नव्या नावांच्या यादीत 'मराठा' आलं, 'पंजाबी' आलं, 'बलुची' आलं, 'महार' आलं नाही. यादीत नाव नाही म्हणजे काय? म्हणजे पगार नाही, पेन्शन नाही, पलटणीची शाळा नाही. पलटणीच्या शाळेचं महत्त्व आम्ही सांगायला नको. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील, सुभेदार रामजी सकपाळ, लष्कराच्या शाळेत शिकवत होते, आणि बाबासाहेबांचा जन्म महूच्या छावणीतला, १८९१ चा. दार बंद होण्याच्या उंबरठ्यावरचा.

निवृत्त शिपाई गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये या बंदीविरुद्ध अर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये पुन्हा विनंती केली. पहिलं महायुद्ध आलं, माणसं कमी पडली, तेव्हा १९१७ मध्ये '१११ वी महार' पलटण उभी राहिली. युद्ध संपलं, १९२१ मध्ये ती मोडली. दुसरं युद्ध आलं. १९४१ च्या जुलैत बाबासाहेब राष्ट्रीय संरक्षण मंडळावर गेले, आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. ही रेजिमेंट आज आहे, आणि तिच्यात आता सगळीकडचे जवान आहेत. पण मधली जवळजवळ पन्नास वर्षं? ती भरून आली नाहीत. एकीकरण म्हटलं की आपल्याला वाटतं सगळे आत आले. या एकीकरणात काही लोक बाहेर काढले गेले, हेही त्याच पानावर लिहायला हवं.

आता समुद्राकडे वळू. इथून पूर्वेला पाच मिनिटं चाललं की बंदर.

नौदलाची नावं तर पाळण्यात घातलेल्या मुलासारखी बदलत गेली. १६१२ ला सुरतेला कंपनीचं छोटं आरमार आलं. १६८६ ला बस्तान मुंबईला हललं आणि नाव पडलं बॉम्बे मरीन. १८३० मध्ये झालं इंडियन नेव्ही. १८६३ मध्ये लढाऊ काम काढून घेतलं आणि पुन्हा बॉम्बे मरीन. १८७७ मध्ये कलकत्त्याचं आणि मुंबईचं मरीन एकत्र करून हर मॅजेस्टीज इंडियन मरीन. म्हणजे समुद्रावरचं एकीकरण जमिनीच्या अठरा वर्षं आधी झालं. १८९२ ला रॉयल इंडियन मरीन, १९३४ ला रॉयल इंडियन नेव्ही. नाव बदललं की काम बदलायचं : 'मरीन' म्हटलं की वाहतूक, मोजणी, बंदरांची राखण. 'नेव्ही' म्हटलं की तोफा. इथे नाव म्हणजे अधिकार होता.

हे खलाशांनाही पक्कं ठाऊक होतं. १८ फेब्रुवारी १९४६ ला कुलाब्याच्या 'तलवार' या संदेशवहन शाळेत खलाशांनी काम बंद केलं. जेवण, पगार, शिवीगाळ ही कारणं होतीच. पण संप पसरला, सुमारे वीस हजार खलाशी त्यात आले, आणि त्यांनी केलेल्या पहिल्या गोष्टींपैकी एक म्हणजे नाव बदललं. 'रॉयल' काढून ते स्वतःला 'इंडियन नॅशनल नेव्ही' म्हणू लागले. २२ तारखेला गिरणगाव त्यांच्या पाठीशी बंद झालं. परळ, लालबाग, या आपल्या रस्त्यांवर गोळीबार झाला. दोनशेहून जास्त माणसं गेली. परळच्या कमल दोंदे त्यांतल्या एक. खलाशांनी २३ तारखेला शरणागती पत्करली. नाव पाच दिवस टिकलं. सरकारी कागदावर 'रॉयल' जायला २६ जानेवारी १९५० उजाडावं लागलं.

मग आलं १९४७. एकत्र केलेलं पहिल्यांदा फाडावं लागलं. तोफा, रणगाडे, जहाजं, वाद्यवृंदाचे ढोलसुद्धा वाटले गेले. रणगाडा रेजिमेंटांचा हिशेब भारताला बारा, पाकिस्तानला सहा. जुन्या मुंबई फौजेचं काय झालं? मराठा आपल्याकडे, ग्रेनेडियर्स आपल्याकडे. बलुच पलटणी पाकिस्तानात. मैवंदला शेजारी लढलेल्या ग्रेनेडियर्स आणि जेकब्ज रायफल्स, दोघांमध्ये सरहद्द आली.

फाडून झाल्यावर जोडणं सुरू झालं. साडेपाचशेहून अधिक संस्थानं, त्यांतल्या बऱ्याच जणांकडे स्वतःची फौज. १९५०-५१ मध्ये या फौजा भारतीय सैन्यात विलीन झाल्या, आणि नावाचा प्रश्न पुन्हा समोर आला. या वेळी तोडगा मोठा समजूतदार निघाला. तो म्हणजे कंस. कोल्हापूरची राजाराम रायफल्स झाली '१९ मराठा (कोल्हापूर)'. बडोद्याची २० वी, हैदराबादची २२ वी. त्रावणकोरची झाली '९ मद्रास (त्रावणकोर)'. रेजिमेंट देशाची, कंसात माहेरचं नाव. सासरी गेलेल्या मुलीने माहेरचं आडनाव मागे लावून ठेवावं, तसं.

पण सगळीच माहेरं इतकी जवळ मिळाली नाहीत. ग्वाल्हेरच्या शिंद्यांची आणि इंदूरच्या होळकरांची पायदळं कुठे गेली असतील? आम्ही विद्यार्थ्यांना विचारतो, तेव्हा सगळे 'मराठा' म्हणतात. ती गेली कुमाऊँ रेजिमेंटमध्ये : '१४ कुमाऊँ (ग्वाल्हेर)' आणि '१५ कुमाऊँ (इंदूर)'. आणि ही कुमाऊँ रेजिमेंट मुळात कोण? निजामाच्या हैदराबाद कंटिंजंटची वारस, जिचं नाव १९४५ पर्यंत हैदराबाद रेजिमेंट असंच होतं. शिंदे, होळकर आणि निजाम, तिघांच्या फौजांचे धागे हिमालयातल्या एका नावाखाली एकत्र. खर्ड्याच्या लढाईत समोरासमोर आलेल्यांना हे कोणी सांगितलं असतं तर विश्वास बसला असता का?

एक माणूस घेऊ, म्हणजे हे सगळं डोळ्यांपुढे येईल. अर्देशीर बुर्झोरजी तारापोर. जन्म मुंबईचा, १९२३. शिक्षण पुण्याला. नोकरी हैदराबाद संस्थानच्या फौजेत, निजामाच्या लान्सर्समध्ये. १९४८ मध्ये हैदराबाद भारतात आलं, आणि १९५१ मध्ये हा अधिकारी पूना हॉर्समध्ये आला. निजामाचा अधिकारी, पुण्याच्या नावाच्या रेजिमेंटमध्ये, भारताच्या सैन्यात. १९६५ च्या युद्धात त्याच रेजिमेंटचं नेतृत्व करताना, १६ सप्टेंबरला, ते पडले. परमवीरचक्र मिळालं. एकीकरण झालं की नाही याचा पुरावा राजपत्रात शोधू नये. तो इथे आहे.

याच पूना हॉर्सची जन्मकथा सांगायला हवी. १८१७ च्या पुणे करारानुसार पेशव्याने तोडून दिलेल्या मुलखाच्या उत्पन्नातून ती उभी राहिली, आणि वर्ष सरायच्या आत पेशव्याविरुद्धच लढली. पुढे मुंबईच्या तिसऱ्या घोडदळाशी तिचा मिलाफ झाला. मुंबईची पहिली आणि दुसरी घोडदळं, तीही १८१७ चीच, मिळून झाली तेरावी लान्सर्स. फाळणीत तेरावी लान्सर्स गेली पाकिस्तानात. १६ डिसेंबर १९७१ ला बसंतर नदीकाठी एकवीस वर्षांच्या अरुण खेत्रपाल यांनी रणगाडा सोडायला नकार दिला आणि तिथेच देह ठेवला, तेव्हा ते होते पूना हॉर्सचे. आणि समोर कोण होतं? तेरावी लान्सर्स. मंडळी, एका बाजूला मुंबईची तिसरी आणि चौथी, दुसऱ्या बाजूला मुंबईची पहिली आणि दुसरी. आकडे बदलले नसते तर हे पहिल्याच दिवशी कळलं असतं. आकडे बदलल्यामुळे ते आपल्याला ग्रंथालयात बसून शोधावं लागतं.

आता शाखांबद्दल, कारण 'एक सैन्य' म्हणताना आपण तीन दलं म्हणतो. १९४७ पर्यंत तिन्ही दलांवर एकच सरसेनापती असे, आणि तो लष्करातलाच. स्वातंत्र्याबरोबर ते पद गेलं, लष्कर, नौदल आणि हवाई दल यांना आपापले प्रमुख मिळाले. १५ जानेवारी १९४९ ला जनरल करिअप्पा आले. १९५५ मध्ये 'कमांडर-इन-चीफ' हे नावही काढून 'चीफ ऑफ स्टाफ' केलं. सरसेनापती राष्ट्रपती, बाकीचे आपल्या दलाचे प्रमुख. शब्दाचा फरक दिसतो, पण बंदूक कोणाच्या हुकमात आहे ते त्या शब्दाने सांगितलं. १ जानेवारी २०२० पासून तिघांच्या समन्वयाला संरक्षण दल प्रमुख हे पद आलं.

हुद्द्यांची नावं बघा. नाईक, हवालदार, सुभेदार. शिवकाळात पायदळात नाईक, त्यावर हवालदार, त्यावर जुमलेदार, मग हजारी आणि वर सरनोबत. कंपनीने यांतले शब्द उचलले, मध्ये इंग्रजी घातले, आणि आज लान्स नाईक असा अर्धा इंग्रजी अर्धा मराठी हुद्दा कोणाला खटकतही नाही. 'जमादार' मात्र १९६५ मध्ये 'नायब सुभेदार' झाला, कारण बाहेरच्या जगात जमादार म्हणजे झाडूवाला असा अर्थ होऊन बसला होता. त्यातही एक जात लपलेली आहे, तेवढं सांगून पुढे जातो.

नौदलाचं बारसं अजून चालूच आहे. ज्या बॉम्बे कॅसलमधून कान्होजी आंग्र्यांवर मोहिमा निघाल्या, तिथल्या 'डलहौसी' या तळाचं नाव पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला 'आंग्रे' झालं. कान्होजींना यापेक्षा मोठी सलामी दुसरी नसेल. २ सप्टेंबर २०२२ ला ध्वजावरचा सेंट जॉर्जचा क्रॉस गेला, शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. ४ डिसेंबर २०२३ ला सिंधुदुर्गावर नौदलातल्या हुद्द्यांना भारतीय नावं देण्याची घोषणा झाली. दुसरीकडे खडकीचे इंजिनिअर, ज्यांच्यातले सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे हे हयातीत परमवीरचक्र मिळालेले पहिले, ते आजही 'बॉम्बे सॅपर्स'. शहर १९९५ ला मुंबई झालं, पलटणीने बॉम्बे सोडलं नाही. आम्हाला विचाराल तर सोडूही नये. तिच्यासाठी ते शहराचं नाव राहिलेलं नाही, घराण्याचं झालं आहे.

मग आमचं म्हणणं काय? नाव बदलू नये असं नाही. 'रॉयल' जायलाच हवं होतं, त्यासाठी या रस्त्यांवर रक्त सांडलं. 'महार' हे नाव यायलाच हवं होतं. आमचं म्हणणं इतकंच, की नवीन नाव देताना जुनं नाव कंसात ठेवावं. कंस फार काही मागत नाही, दोन रेघा मागतो. आणि ज्याला कंसातही जागा मिळाली नाही, त्याची चौकशी इतिहासवाल्याने करावी.

शेवटी पुन्हा स्टेशनच्या पलीकडे जाऊ. दारूखाना. लोक हसतात, पण ही दारू तोफेची. आज तिथे जहाजं तोडतात. १९६१ ते १९९७ नौदलात असलेली पहिली 'विक्रांत', जिचं पहिलं नाव 'हर्क्युलस' होतं, ती २०१४ मध्ये इथेच दारूखान्यात तोडायला आली. तिचं लोखंड वितळलं. आणि २ सप्टेंबर २०२२ ला, ध्वज बदलला त्याच दिवशी, कोचीला नवी 'विक्रांत' दाखल झाली. लोखंड दारूखान्यात राहिलं, नाव समुद्रावर गेलं. परत जाताना हार्बरच्या गाडीतून उजेड असेल तर पूर्वेच्या खिडकीत बसा.